छताला विमान टांगताना : मोठ्या प्रतिकृतींची सुरक्षित मांडणी

इंदूर आणि विमान यांचे नाते जुने आहे. होळकर संस्थानाने १९३५ मध्ये टाटा सन्सच्या नेव्हिल व्हिन्सेंट यांच्याशी विचारविनिमय करून बिजासन परिसरातील जागा विमानतळासाठी निवडली. पुढे १९३७ मध्ये टाटांची मुंबई-दिल्ली हवाई सेवा सुरू झाली, तेव्हा तिच्या वाटेवरील थांब्यांमध्ये इंदूर, भोपाळ आणि ग्वाल्हेर ही नावे होती. त्या विमानतळाला आज देवी अहिल्याबाई होळकर यांचे नाव आहे. अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या या शहरात विमानांच्या प्रतिकृती बनवण्याचा छंदही रुजला आहे. एनसीसीच्या हवाई शाखेच्या प्रशिक्षणात एरोमॉडेलिंग हा विषयच आहे. त्यामुळे बाल्सा लाकूड, थर्माकोल, फायबरग्लास आणि प्लायवूड यांपासून केलेली, दोन-तीन मीटर पंखविस्ताराची विमाने शाळा-महाविद्यालयांच्या सभागृहांत आणि हौशी कुटुंबांच्या दिवाणखान्यांत दिसतात.

उडवण्याचे दिवस संपले की अशा प्रतिकृतीचे काय करायचे, हा प्रश्न उभा राहतो. कपाटात ती मावत नाही आणि जमिनीवर ठेवली तर पायाखाली येते. तिला शोभा येते ती छताखालीच. तथापि छताला टांगलेल्या वस्तूखाली माणसे बसतात, मुले खेळतात. आठ किलोंची प्रतिकृती निसटली, तर इंजिन आणि पंख्याचे पाते असलेले तिचे जड नाक बहुधा आधी खाली येते. म्हणून हे काम सजावटीचे मानू नये. बांधकामातील एखाद्या लहानशा जोडणीला जी शिस्त लागते, तीच येथेही लागते. या शिस्तीचा पहिला नियम असा, की तार किती मजबूत आहे हे नंतर पाहावे. ती ज्यात अडकवायची ते छत कशाचे आहे, हे आधी पाहावे.

प्रथम वजन आणि तोल

टांगण्यापूर्वी प्रतिकृतीचे वजन प्रत्यक्ष काट्यावर करावे. अंदाज येथे हमखास फसतो. प्रतिकृतीची लांबी-रुंदी दुप्पट केली की तिचे क्षेत्रफळ चौपट आणि घनफळ आठपट होते. त्यामुळे एक मीटरची प्रतिकृती किलोभराची असेल, तर तशाच बांधणीची दोन मीटरची प्रतिकृती दोन किलोंची असेल असे समजणे चुकीचे ठरते. ‘पायपर कब’ या प्रसिद्ध विमानाचा पंखविस्तार सुमारे १०.७ मीटर आहे. त्याची एक-चतुर्थांश प्रतिकृती सुमारे २.७ मीटरची होते आणि इंजिनासह तिचे वजन साधारणपणे ७ ते ९ किलोंपर्यंत जाते. पुढील हिशेबासाठी ८ किलोंची प्रतिकृती गृहीत धरू.

वजनाआधी इंधनाची टाकी पूर्ण रिकामी करून वाळवावी आणि बॅटरी काढून घ्यावी. ग्लो इंजिनाच्या इंधनात मिथेनॉल असते, पेट्रोल इंजिनाचा धोका सर्वांना ठाऊक आहे आणि लिथियम-पॉलिमर बॅटरी फुगून पेट घेऊ शकते. यांपैकी एकही वस्तू छताखाली ठेवू नये. बॅटरी सहसा विमानाच्या पुढच्या भागात असते. ती काढल्यावर तोल मागे सरकतो, म्हणून गुरुत्वमध्य त्यानंतरच शोधावा. दोन जणांनी पंखांखाली एकेक बोट धरून प्रतिकृती कोठे समतोल राहते ते पाहावे आणि तेथे खूण करावी. बहुतेक विमानांत ही जागा पंखाच्या पुढच्या कडेपासून पंखाच्या रुंदीच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्याच्या दरम्यान सापडते.

नेहमीची मांडणी तीन तारांची असते. दोन तारा पुढे, पंखांच्या मुळाशी डाव्या-उजव्या बाजूला आणि एक मागे, शेपटीकडे. पुढच्या तारा गुरुत्वमध्याच्या १० सेंमी पुढे आणि मागची तार ९० सेंमी मागे असेल, तर तरफेच्या नियमाने मागच्या तारेवर ८ किलोंचा दहावा हिस्सा, म्हणजे ०.८ किलो येतो. उरलेले ७.२ किलो पुढच्या दोन तारा वाटून घेतात. मात्र हा हिशेब सर्व तारा शाबूत असतानाचा आहे. एक तार सुटली की वाटणी क्षणात बदलते. म्हणून प्रत्येक तार, प्रत्येक कडी आणि छतातील प्रत्येक पकड संपूर्ण ८ किलोंचा भार एकटीने घेईल असे समजून निवडावी आणि त्यावर दहापट सुरक्षा-गुणक धरावा. म्हणजे प्रत्येक जोडणीची तुटण्याची मर्यादा किमान ८० किलो असली पाहिजे. डोक्यावर टांगलेल्या वस्तूसाठी ही सावधगिरी जास्तीची नाही.

छताची परीक्षा

इंदूरमध्ये छतांच्या निदान चार पिढ्या एकाच वेळी नांदत आहेत. राजवाड्याचे खालचे मजले दगडी आणि वरचे लाकडी आहेत. १९८४ च्या आगीत या लाकडी भागाचे मोठे नुकसान झाले. त्याच काळाची आठवण सांगणाऱ्या जुन्या मराठी वाड्यांत सागवानी तुळयांची छते अजूनही सापडतात. त्यानंतरच्या घरांत लोखंडी गर्डरवर दगडी फरश्या टाकलेली छते आढळतात. तिसरी पिढी आरसीसी स्लॅबची आणि चौथी त्या स्लॅबखाली जिप्समचे खोटे छत लटकवलेल्या सदनिकांची. शाळा-महाविद्यालयांची मोठी सभागृहे यांहून वेगळी असतात. तेथे लोखंडी कैच्यांवर पत्रे असतात. या प्रत्येक छताला विमान टांगण्याची रीत निराळी आहे.

लाकडी तुळईचे छत या कामाला अनुकूल असते. मराठी घरांतील झोपाळा हा त्याचा पुरावा. दोन माणसे बसून झोके घेतात आणि तुळईतील कड्या पिढ्यान्‌पिढ्या टिकतात. गोव्यातील घरांत चतुर्थीला फळाफुलांनी, नारळ-सुपाऱ्यांच्या घडांनी लगडलेली माटोळी ज्या आधारांना बांधली जाते, तोही असाच अनुभवसिद्ध आधार आहे. तरीही जुन्या लाकडाची परीक्षा घ्यावी. हातोडीने हलके ठोकून पाहावे. आवाज पोकळ आला किंवा टोच्या सहज आत गेला, तर वाळवीने आतून घर केले आहे असे समजावे. तुळई निरोगी असल्यास तिला भोक पाडण्यापेक्षा तिच्याभोवती रुंद पट्टा किंवा नमदा लावलेली लोखंडी पट्टी गुंडाळून कडी घेणे उत्तम. त्यात लाकूड चिरत नाही आणि काम पुन्हा उलटवताही येते. वासे आणि रिपा मात्र कौलांचा भार घेण्यासाठी असतात. त्यांना विमान टांगू नये.

गर्डर-फरशीच्या छतात फरशीला कधीही भोक पाडू नये. दगडी फरशी वाकत नाही, ती एकदम तुटते. भार फक्त गर्डरच्या कडेला आवळलेल्या क्लॅम्पवर द्यावा. गर्डरला वेल्डिंग करणे किंवा भोक पाडणे टाळावे.

आरसीसी स्लॅबमध्ये सर्वांत चांगली जागा म्हणजे स्लॅब ओतताना सळयांना बांधून सोडलेला, पण वापरात नसलेला पंख्याचा हुक. तो मुळापासून छताचाच भाग असतो. ज्या हुकाला पंखा आहे, त्यालाच विमान अडकवण्याचा मोह मात्र आवरावा. पंख्याची सततची थरथर जोडण्या सैल करते. नवे भोक पाडायचे झाल्यास आधी स्लॅबचे निरीक्षण करावे. गळतीचे डाग, फुगलेला गिलावा, गंजून उघडी पडलेली सळई दिसली, तर तेथे काहीही टांगू नये. आपल्याकडील घरांत विजेच्या तारांच्या नळ्या स्लॅबमधूनच जातात. दिव्याच्या आणि पंख्याच्या चौकटींना जोडणाऱ्या सरळ रेषेत भोक पाडणे म्हणजे अपघाताला निमंत्रण देणे होय. सळया आणि तारा शोधणारे यंत्र वापरावे आणि काम चालू असताना त्या खोलीची वीज मुख्य बटणापासून बंद ठेवावी.

जिप्समच्या खोट्या छताबद्दल एकच सूचना पुरेशी आहे : त्याला काहीही टांगू नये. ते पातळ पत्र्याच्या पट्ट्यांवर स्वतःचेच वजन कसेबसे पेलत असते. त्यातून छिद्र पाडून तार वरच्या स्लॅबपर्यंत न्यावी आणि छिद्राच्या कडा तारेला घासणार नाहीत असे पाहावे.

पत्र्याच्या सभागृहात भार कैचीच्या सांध्यापाशी द्यावा. दोन सांध्यांच्या मध्ये, दांड्याच्या पोटात भार दिला तर दांडा वाकतो, कारण तो केवळ लांबीच्या दिशेचा ताण-दाब घेण्यासाठी योजलेला असतो. अशा इमारतीत स्थापत्य अभियंत्याची लेखी संमती घ्यावी. गांधी हॉलसारख्या वारसा वास्तूत तर एकही भोक पाडू नये. तेथे जमिनीवर उभा राहणारा स्वतंत्र स्तंभ किंवा चौकट हाच योग्य मार्ग.

छतातील पकड

भिंतीवर चित्र लावताना भोकात प्लास्टिकची गिट्टी ठोकून स्क्रू पिळला जातो. भिंतीत हा स्क्रू आडवा असतो आणि भार त्याला खाली वाकवू पाहतो. छतात मात्र भार त्याला थेट बाहेर ओढतो. प्लास्टिकची गिट्टी येथे पूर्णपणे वर्ज्य आहे. उन्हाळ्यात छत तापते, प्लास्टिक मऊ पडते आणि पकड हळूहळू सुटत जाते.

स्लॅबसाठी धातूचा, आवळल्यावर आत फुलणारा अँकर वापरावा. चांगल्या काँक्रीटमध्ये नीट बसवलेला ८ मिमीचा अँकर शंभर किलोंहून अधिक ताण सहज सोसतो. ‘नीट’ या शब्दात मात्र बरेच काही आहे. भोक अँकरच्या मापाचेच असावे, आतील भुकटी फुंकून किंवा ब्रशने पूर्ण काढलेली असावी, कडेपासून आणि दुसऱ्या भोकापासून पुरेसे अंतर असावे. गिलाव्याची जाडी खोलीत धरू नये, कारण गिलाव्याला पकड नसते. आवळताना अँकर नुसताच फिरत राहिला, तर ते भोक सोडून द्यावे आणि दूर दुसरे पाडावे.

चिकटद्रव्याने बसवलेल्या बोल्टांवर डोक्यावरचा कायमचा भार देण्याबाबत जगाने एक महाग धडा घेतला आहे. अमेरिकेतील बोस्टन शहरात १० जुलै २००६ रोजी एका बोगद्याच्या छताखालील, वीस टनांहून अधिक वजनाचे काँक्रीटचे तुकडे एका मोटारीवर कोसळले आणि एका महिलेचा मृत्यू झाला. हे तुकडे वरच्या काँक्रीटमध्ये इपॉक्सीने बसवलेल्या बोल्टांना टांगलेले होते. सततच्या ओढीखाली इपॉक्सी अत्यंत हळू सरकत गेले आणि बोल्ट बाहेर आले, असे चौकशीत निष्पन्न झाले. जो बोल्ट आज भार पेलतो तो काही वर्षांनीही पेलेल, हे प्रत्येक चिकटद्रव्याबाबत गृहीत धरता येत नाही. घरगुती कामात यांत्रिक पकडच विश्वासाची.

अँकरला लावायची कडी पूर्ण बंद असावी. उघडा हुक किंवा एस-हुक वापरू नये, कारण धक्का बसला की तार त्यातून उचलली जाऊन निसटते. गोल डोळ्याच्या बोल्टची ताकद सरळ खाली ओढताना पूर्ण असते. ओढ तिरपी झाली की ती झपाट्याने घटते, आणि ४५ अंशांवर खांदा असलेल्या बोल्टचीही ताकद तिसऱ्या हिश्श्याच्या खाली येते. म्हणून तिरप्या तारेसाठी कोणत्याही दिशेला वळणारी कडी घ्यावी अथवा तार शक्य तितकी उभी ठेवावी.

तार आणि तिचा कोन

मासेमारीची नायलॉन दोरी दिसत नाही, म्हणून अनेकांची ती पहिली पसंती असते. मोठ्या प्रतिकृतीसाठी ती अयोग्य आहे. कायमच्या भाराखाली नायलॉन लांबत जाते, उन्हाने ठिसूळ होते, आगीच्या आचेने वितळते आणि गाठ मारली की तिची ताकद बरीच घटते. सुतळी, विजेची वायर आणि बांधणीची तार यांनाही येथे स्थान नाही. सात पेडांची आणि प्रत्येक पेडात सात तारा असलेली, १.५ मिमी जाडीची स्टेनलेस स्टीलची दोरी पुरेशी असते. तिची तुटण्याची मर्यादा शंभर किलोंच्या वर असते आणि काही पावलांवरून ती फारशी नजरेतही भरत नाही.

तारेला गाठ मारू नये. टोकाला घोड्याच्या नालासारखी थिंबल बसवून तार तिच्याभोवती वळवावी आणि योग्य साधनाने दाबलेली धातूची नळी किंवा यू-आकाराचे क्लॅम्प लावावेत. क्लॅम्प दोन तरी असावेत. त्यांचे पसरट खोगीर भार घेणाऱ्या तारेवर आणि यू-आकाराचा दांडा मोकळ्या टोकावर यावा. उलट बसवल्यास दांडा भार घेणाऱ्या तारेलाच चिरडतो. लांबी जुळवण्यासाठी टर्नबकल वापरल्यास ते बारीक तारेने बांधून टाकावे, नाहीतर थरथरीने ते हळूहळू उलगडते.

तारेचा कोन ही सर्वाधिक दुर्लक्षित बाब आहे. दोन तारांनी ८ किलो तोलले आणि दोन्ही तारा सरळ उभ्या असल्या, तर प्रत्येकीवर ४ किलोंचा ताण येतो. तारा जमिनीशी ६० अंशांचा कोन करत असतील तर हा ताण ४.६ किलो, ४५ अंशांवर ५.७ किलो, ३० अंशांवर ८ किलो आणि १५ अंशांवर तब्बल १५.५ किलो होतो. छत बुटके असले की तारा आपोआप आडव्या पसरतात आणि विमान तेवढेच राहूनही ताण चौपट होतो. शिवाय या तारा पंखांना आतल्या बाजूला दाबतात. तारांचा कोन ६० अंशांच्या खाली जाऊ देऊ नये. थोडा फाकवा मात्र उपयोगी असतो. बाहेरच्या बाजूला किंचित तिरप्या गेलेल्या तारा विमानाचे झुलणे रोखतात आणि शेपटीची तार त्याला गोल फिरू देत नाही.

प्रतिकृतीला कोठे धरावे

उडणारी प्रतिकृती हलकी असते, कारण तिचे बहुतेक अंग पोकळ असते. बाल्साच्या कवचात फिरवलेला स्क्रू किंवा चिकटवलेली कडी काही महिन्यांत उपटून येते. भार घेणारी ठिकाणे मोजकीच असतात. पंख धडाला जोडणारे बोल्ट, चाकांचा सांगाडा बसवलेली प्लायवूडची पाटी, इंजिनामागची भक्कम भिंत आणि पंखाच्या आतून जाणारा मुख्य दांडा ही ती ठिकाणे. शक्य असेल तेथे याच बोल्टांखाली छोटी धातूची पट्टी घालून तिला तार जोडावी. प्रतिकृतीला हात लावायचा नसल्यास नमदा लावलेले रुंद नायलॉनचे पट्टे धडाखालून आणि पंखांच्या मुळाखालून घ्यावेत. पट्टे पुढे-मागे सरकू नयेत म्हणून ते एकमेकांना जोडून घ्यावेत.

पंख वेगळे काढता येत असतील, तर ते धडाला स्वतंत्र तारेने बांधावेत. धड टांगलेले आणि पंख केवळ रबरांनी अडकवलेले, अशी स्थिती धोकादायक असते. रबर वर्षभरात कुजते. पंख्याचे पाते, चाके, इंजिनावरचे आवरण आणि चालकाच्या कक्षाचे पारदर्शक झाकण यांचीही पकड तपासावी. मोठा अपघात टळावा म्हणून सारे केले आणि वरून चाक निखळून पडले, असे होऊ नये.

यानंतर येते राखीव तार. ती वेगळ्या अँकरला आणि प्रतिकृतीवरील वेगळ्या जागेला जोडलेली असावी. मुख्य तारांपैकी एखादी सुटली तरी विमान तिच्यावर थांबले पाहिजे. ही तार ढिली लोंबकळत ठेवू नये. अचानक आलेला भार, वस्तू जरासुद्धा न पडता आला तरी, क्षणभर दुप्पट ताण देतो, आणि वस्तू काही सेंटिमीटर पडून तार ताणली गेली तर हा ताण कित्येक पट होतो. तारेवर भार येणार नाही इतपतच सैलपणा ठेवावा.

आधी छताला, मग विमानाला

ग्वाल्हेरच्या जयविलास महालात सुमारे साडेतीन टनांची एकेक अशी दोन भव्य झुंबरे आहेत. जयाजीराव शिंदे यांच्या काळात, १८७४ मध्ये पूर्ण झालेल्या या महालाबद्दल एक आख्यायिका सांगितली जाते. झुंबरे टांगण्यापूर्वी छताची ताकद पाहण्यासाठी त्यावर हत्ती चढवले होते म्हणे. आख्यायिका खरी असो वा नसो, तिच्यातील पद्धत पूर्णपणे बरोबर आहे. मौल्यवान वस्तू टांगण्याआधी तिच्याहून अधिक भार देऊन आधाराची परीक्षा घ्यायची.

घरी हत्तींची गरज नाही. पिण्याच्या पाण्याचा २० लिटरचा जार भरला की त्यातील पाणीच २० किलोंचे होते. प्रत्येक अँकरला असा भरलेला जार जमिनीपासून चार बोटे वर टांगावा आणि एक दिवस तसाच ठेवावा. आठ किलोंच्या प्रतिकृतीसाठी ही अडीचपट चाचणी झाली. जार जमिनीलगत असल्याने पकड सुटली तरी इजा होत नाही. दुसऱ्या दिवशी अँकर जरासाही खाली आला असेल, भोवती गिलाव्याला तडा असेल किंवा कडी वाकली असेल, तर ती जागा रद्द करावी.

विमान वर चढवण्याचे काम एकट्याने करू नये. दोन जण पंख सावरतील आणि तिसरा शिडीवरून कड्या जोडील, अशी विभागणी असावी. सभागृहात उंची जास्त असेल तर शिडीऐवजी परांची बांधावी. आधी पुढच्या दोन तारा, मग शेपटीची, शेवटी राखीव तार असा क्रम ठेवावा आणि चारही जोडण्या पूर्ण होईपर्यंत कोणीही हात सोडू नये. विमान वळण घेत असल्यासारखे एका बाजूला कलते दिसावे, अशी अनेकांची इच्छा असते. तारांची लांबी बदलून ते साधता येते, परंतु त्यामुळे एका तारेवर भार वाढतो. प्रत्येक तार पूर्ण वजनासाठी निवडलेली असेल, तर त्याची चिंता उरत नाही.

जागा, पंखा आणि हवामान

पलंग, अभ्यासाचे टेबल, पाळणा आणि येण्याजाण्याची वाट यांच्या वर विमान टांगू नये. भिंतीलगतचे कपाट, जिन्याच्या बाजूची मोकळी पोकळी किंवा सभागृहातील व्यासपीठाची कड या त्यातल्या त्यात निर्धोक जागा. माळव्यातील उन्हाळ्यात छताचे पंखे दिवसरात्र फिरतात. त्यांच्या वाऱ्याने विमान हेलकावे घेते आणि जोडण्या झिजतात. मीटरभर तारेवरचे विमान १५ अंश झुलले तर ते बाजूला सुमारे २६ सेंमी सरकते. हा झोका धरूनही पंख्याचे पाते आणि विमानाचे टोक यांत किमान एक मीटर अंतर उरले पाहिजे. नर्मदेच्या खोऱ्याला भूकंप अपरिचित नाहीत. २२ मे १९९७ च्या जबलपूर भूकंपाची आठवण मध्य प्रदेशात आजही आहे. म्हणून भिंत, काचेचे दिवे आणि खिडक्या यांपासूनही असेच अंतर राखावे.

छताखालची हवा खोलीतील सर्वांत गरम हवा असते. इंदूरचा पारा मे महिन्यात चाळिशी ओलांडतो, तेव्हा पत्र्याखाली टांगलेल्या प्रतिकृतीचे प्लास्टिकचे आवरण सैल पडून सुरकुत्या येतात आणि थर्माकोलचे पंख वाकतात. थेट ऊन येणाऱ्या खिडकीसमोर रंगही उडतो.

गोव्यातील वाचकासमोर उन्हापेक्षा खाऱ्या, दमट हवेचा प्रश्न मोठा आहे. बोगमाळो येथील नौदलाच्या हवाई संग्रहालयात मोकळ्या आवारात उभ्या असलेल्या विमानांना समुद्राच्या हवेशी सतत झुंजावे लागते. घरातील लहानशा कडीचेही तेच. साधे लोखंड सोडाच, जस्ताचा मुलामा दिलेली कडीही किनाऱ्यालगत काही पावसाळ्यांत गंजू लागते. तेथे ३१६ प्रतीचे स्टेनलेस स्टील घ्यावे. तार, कडी आणि दाबनळी शक्यतो एकाच धातूच्या असाव्यात, कारण दमट हवेत दोन भिन्न धातू एकत्र आले की त्यांपैकी एक लवकर झिजतो.

उतरवता येईल असेच टांगावे

लिंडबर्ग यांनी १९२७ मध्ये ज्या विमानाने एकट्याने अटलांटिक ओलांडला, ते ‘स्पिरिट ऑफ सेंट लुईस’ वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय हवाई आणि अवकाश संग्रहालयात छताला टांगलेले असते. २०१५ मध्ये तेही देखभालीसाठी जमिनीवर उतरवण्यात आले होते. जगातील नामांकित संग्रहालयही टांगलेल्या वस्तूला कायमची टांगलेली मानत नाही. घरातील प्रतिकृतीही वर्षातून एकदा उतरवली गेली पाहिजे. धूळ पुसावी, तारेवरून कापसाचा बोळा फिरवून तुटलेला धागा अडकतो का ते पाहावे, टर्नबकल आणि क्लॅम्प आवळावेत, अँकरभोवतीचा गिलावा आणि लाकूड तपासावे. एक जरी धागा तुटलेला आढळला तरी ती तार बदलावी.

या तपासणीसाठी वेगळा मुहूर्त शोधण्याची गरज नाही. खंडेनवमीला मराठी घरांत आणि कारखान्यांत हत्यारे-अवजारे पुसून पूजली जातात. तो दिवस विमानासाठीही राखावा. जेथे प्रतिकृती टांगली आहे तेथेच भिंतीवर किंवा वहीत एक छोटी नोंद ठेवावी : विमानाचे वजन, टांगल्याची तारीख, तारेची जाडी, अँकरचा प्रकार आणि शेवटच्या तपासणीचा दिवस. शाळेत ही नोंद विशेष आवश्यक आहे. विमान टांगणारे विद्यार्थी चार वर्षांत निघून जातात, शिक्षकांची बदली होते, विमान मात्र तेथेच राहते. त्याच्या खाली पुढच्या वर्षी बसणाऱ्या मुलांना त्या तारेबद्दल काहीच ठाऊक नसते. त्यांच्या वतीने ती नोंद कोणीतरी वाचली पाहिजे आणि वर चढून कडी हलवून पाहिली पाहिजे.